वेढ्यातल्या शहराला विमानातून रसद आणि तोफांचा आधार: नेमकं कुठं फसतं?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी आमच्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांसमोर ‘वेढा’ या विषयावर तासभर बोलायचं आहे. सुरुवात देवगिरीपासून करणार, कारण ती गोष्ट मुलांना तोंडपाठ असते: १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, गडावर घाईनं चढवलेली पोती धान्याची समजून ठेवली आणि उघडली तर आत मीठ. तिथून थेट विसाव्या शतकात यायचं आहे.

प्रश्न असा. विमान आल्यावर वेढ्याचा अर्थच बदलायला हवा होता. जमिनीवरचा रस्ता तोडला तरी वरचा रस्ता उघडाच. तरी काहून १९४४ मध्ये जर्मनांविरुद्ध उठलेलं पोलंडचं वॉर्सा पडलं, १९५४ मध्ये व्हिएतनाममधला फ्रेंचांचा तळ दिएन बिएन फू पडला, स्टालिनग्राडला कोंडलेली जर्मनांची सहावी आर्मी संपली? आणि बेल्जियममध्ये अमेरिकनांनी धरलेलं बास्टोन, इम्फाळ, काश्मीरमधलं पूंछ मात्र टिकले. फरक कशानं पडला? टाकलेला माल शत्रूकडं जातो तो किती अंतरानं चुकून? वेढ्यातल्यांना तोफांचा आधार बाहेरून देता येतो का, की तोफा आतच लागतात? फळ्यावर मांडता येतील असे आकडे मिळाले तर फार बरं होईल.

परांडा_बुरूज

ताई, आधी वाऱ्याचं गणित मांडा. निम्मा विषय तिथंच उलगडतो.

पॅराशूटला बांधलेला गठ्ठा सेकंदाला साधारण ७ मीटर या वेगानं खाली येतो असं धरा. ३०० मीटर उंचीवरून टाकला तर ४३ सेकंद हवेत राहील. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, असेल तर तो २१५ मीटर वाहत जाईल. हे वैमानिकाला माहीत असतं. तो तेवढा वाऱ्याच्या तोंडाकडं सरकून माल सोडतो. वाऱ्याचा अंदाज पाचात एकानं चुकला तरी फरक पडतो ४३ मीटरचा. शहरातल्या एका चौकात हे चालून जातं.

आता तोच गठ्ठा ४,५०० मीटरवरून सोडा. तो ६४० सेकंद, म्हणजे जवळजवळ अकरा मिनिटं हवेत. वर वारा जास्त, सरासरी सेकंदाला १० मीटर धरा. वाहण्याचं अंतर झालं ६.४ किलोमीटर. इथं अंदाज पाचात एकानं चुकला की गठ्ठा सव्वा किलोमीटर लांब. संभाजीनगर ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो: पैठण गेट ते गुलमंडी एवढ्या पट्ट्यात माल पाडायचा आहे आणि चूक त्याच्या दुपटीहून मोठी आहे.

वॉर्सात १८ सप्टेंबर १९४४ ला नेमकं हेच झालं. अमेरिकेची शंभराहून जास्त फ्लाइंग फोर्ट्रेस विमानं दिवसाढवळ्या आली, खाली विमानभेदी तोफा म्हणून उंचावरूनच त्यांनी १,२०० च्या वर कंटेनर सोडले. उठाव तोवर दीड महिन्याचा झाला होता आणि पोलिश लढवय्यांच्या हातात शहराचे सुटे सुटे तुकडे उरले होते. त्या कंटेनरांपैकी एक तृतीयांशही त्यांच्या हाती लागले नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हीच मदत आली असती तर शहराचा बराच भाग त्यांच्याकडं होता, चुकलेला मालही आपल्याच गल्लीत पडला असता. सोव्हिएत विमानतळांवर उतरायची परवानगी मिळायला सप्टेंबर उजाडला, तोवर जागाच उरली नव्हती. मला या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात जिव्हारी लागतं.

ऑगस्टमध्ये जी विमानं गेली ती इटलीतल्या ब्रिंडिसी आणि फोज्जाहून, ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकन आणि पोलिश वैमानिकांची. एका बाजूचं अंतर १,३०० किलोमीटरच्या पुढं, जाऊन येऊन रात्र संपायची. इतकं पेट्रोल वाहायचं म्हटल्यावर मालाला जागा थोडी: एका लिबरेटर बाँबफेकी विमानात १२ कंटेनर. हे लोक मात्र दीडशे मीटरच्या आसपास उतरून, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, वेग कमी करणाऱ्या पट्ट्या) सोडून, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत पाडून टाकायचे. त्या वेगाला विमान सेकंदाला ६२ मीटरच्या वर पुढं जातं. बटण दाबायला दोन सेकंद उशीर झाला की सव्वाशे मीटर गेले. बाराही कंटेनर सुटायला चार सेकंद लागले तर पहिला आणि शेवटचा यांच्यात अडीचशे मीटरचं अंतर पडतं, म्हणजे पहिला चौकात आणि शेवटचा पलीकडच्या आळीत. शिवाय खाली शहर पेटलेलं, धुरात जमिनीवरच्या दिव्यांच्या खुणा दिसत नाहीत. तरी क्रासिन्स्की चौकात माल पडला, तो या कमी उंचीमुळं. त्याची किंमत विमानं आणि माणसं गमावून मोजली.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर सीरियातलं देइर-एझ-झोर घ्या. वेढलेल्या शहरासाठी जागतिक अन्न कार्यक्रमानं फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिल्यांदा २१ टन माल उंचावरून टाकला. काही गठ्ठ्यांची पॅराशूटं उघडली नाहीत, काही भरकटले, काही फुटले. ते थांबले, पॅराशूट आणि बांधणी बदलली, एप्रिलपासून पुन्हा सुरू केलं आणि पुढं ३०० हून जास्त खेपा टाकल्या. उंची तीच ठेवून नेम सुधारता येतो, पण त्याला वेळ, सराव आणि खाली मोकळं माळरान लागतं. जानेवारी २०१७ मध्ये ते माळरानच शत्रूच्या हाती गेलं तेव्हा नवी जागा सापडेपर्यंत सगळं बंद पडलं.

तोफमाळ

बुरूजभाऊंचं गणित बरोबर आहे, पण मी पुढचा प्रश्न विचारेन: विमान ४,५०० मीटरवर गेलंच का? खालच्या विमानभेदी तोफांमुळं. आणि त्या तोफा शहराच्या इतक्या जवळ बिनधास्त उभ्या का राहिल्या? कारण आतल्यांकडं त्यांना हुसकावणारा तोफखाना नव्हता. ताई, तुमच्या फरकाचं मूळ मला इथं दिसतं. रसद आणि तोफ हे दोन विषय नाहीत. तोफ शत्रूला लांब ठेवते म्हणून विमान खाली उतरू शकतं, आणि विमान गोळे आणतं म्हणून तोफ चालते. एक तुटलं की दुसरं आठ-पंधरा दिवसांत तुटतं.

आता वजनाचं पाहा, कारण तोफेची भूक लोकांना माहीत नसते. १०५ मिलिमीटर हॉवित्झरचा गोळा काडतुसासकट १९ किलो, लाकडी पेटी धरली की २५ च्या वर. अशा २४ तोफांनी प्रत्येकी ५० गोळे टाकले तर झाले १,२०० गोळे, म्हणजे ३० टन. मिनिटाला चार या वेगानं हे सव्वाबारा-साडेबारा मिनिटांत संपतात. डाकोटा या मालवाहू विमानात अडीच टन धरले तर त्या पाव तासाच्या माऱ्यासाठी १२ विमानं. तुलनेला १०,००० माणसांचं कोरडं अन्न, माणशी किलोभर धरलं तर दिवसाला १० टन. पाव तास तोफा बोलल्या की तीन दिवसांचं जेवण गेलं. वेढ्यातला प्रत्येक सेनापती रोज सकाळी हाच हिशोब करतो.

बास्टोनला २२ डिसेंबर १९४४ ला तोफेमागे दिवसाला दहा गोळ्यांवर आले होते. ढग होते, विमानं येत नव्हती. २३ ला आभाळ उघडलं. सकाळी आधी वाट दाखवणारे पॅराट्रूपर उतरले, त्यांनी रेडिओ खुणा लावल्या, मग २४१ विमानांनी १४४ टन माल १,४४६ गठ्ठ्यांत टाकला. त्यातला ९५ टक्के हाती आला. कारण साधं आहे: वेढ्याचा परीघ २५ किलोमीटरच्या आसपास होता, आत मोकळी शेतं होती आणि माल पडायची जागा शहराच्या पश्चिमेला रिंगणाच्या आत होती. गाड्या थेट गठ्ठ्यांपर्यंत गेल्या, गोळे उचलून तोफांवर पोचवले.

दिएन बिएन फूला उलट. फ्रेंचांकडं २४ एकशेपाच आणि ४ एकशेपंचावन्न मिलिमीटरच्या तोफा, त्याही दरीच्या तळात, उघड्यावर. विएतमिन्हच्या, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी सैन्याच्या, तोफा सभोवतीच्या डोंगरात, फ्रेंचांकडच्या उतारावर खोदलेल्या बिळांत. फ्रेंचांना त्या दिसतच नव्हत्या, म्हणून प्रत्युत्तर लागत नव्हतं. हल्ला १३ मार्च १९५४ ला सुरू झाला आणि फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरोथ यानं दोन दिवसांत स्वतःला संपवलं. मार्चअखेर धावपट्टी बंद पडली. त्यानंतर सगळं पॅराशूटवर. ३७ मिलिमीटरच्या विमानभेदी तोफांमुळं विमानांना उंची वाढवावी लागली, रिंगण आकसत गेलं, आणि बुरूजभाऊंचं गणित सुरू झालं.

त्यात एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. विएतमिन्हच्या १०५ च्या तोफा मूळच्या अमेरिकन बनावटीच्या, चीनमार्गे आलेल्या. फ्रेंचांच्याही अमेरिकन. त्यामुळं भरकटून पलीकडं पडलेला फ्रेंचांचा गोळा दुसऱ्या दिवशी फ्रेंचांवरच येऊन पडायचा. वॉर्सात याची दुसरी बाजू दिसली. सोव्हिएत विमानांनी टाकलेली काडतुसं सोव्हिएत मापाची, आणि उठाववाल्यांच्या हातातल्या बऱ्याच बंदुका जर्मनांकडून मिळवलेल्या. पेटी हातात आहे पण काडतूस बसत नाही. रसदीची यादी करताना किती टन याच्या आधी कुठल्या मापाचं, हे लिहावं लागतं.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, फार उपयोगी. दोन उपप्रश्न. शहरात तोफ मारताना मधल्या इमारतींचं काय? आणि विमानं वरून जात असताना आपल्याच तोफांचा गोळा त्यांना लागत नाही का?

तोफमाळ

लागू शकतो, म्हणून वेळ बांधून घेतात. विमानं ज्या पट्ट्यातून येणार तो पट्टा तोफखान्याला आधी कळवायचा. त्या पट्ट्याखालच्या तोफांनी तेवढी मिनिटं गप्प राहायचं, आणि पट्ट्याच्या बाहेरून मारता येतील अशा तोफांनी त्याच मिनिटांत शत्रूच्या विमानभेदी तोफांवर मारा करायचा. धूर सोडायचा तो शत्रूच्या तोफांपुढं. माल पडायच्या जागेवर धूर गेला तर वैमानिक आंधळा होतो. फिस्कटतं ते बहुतेक वेळापत्रकात. विमानं वीस मिनिटं उशिरा आली तर दाबून ठेवलेली तोफ पुन्हा उठलेली असते आणि आपले गोळे संपलेले असतात. म्हणून घड्याळाच्या वेळेवर मारा बांधू नये, विमानांचा रेडिओ निरोप आल्यावर सुरू करावा.

इमारतींचं असं. गोळा तिरका येतो, त्यामुळं उंच इमारतीमागं एक सावली पडते, तिथं तो पोचतच नाही. उताणा, म्हणजे कमी कोनातला मारा असेल तर ही सावली इमारतीच्या उंचीच्या पाचपट धरतात. १५ मीटरचा चार मजली वाडा असेल तर मागचे ७५ मीटर सुरक्षित, म्हणजे सगळी गल्लीच. ४५ अंशांच्या वर नळी उचलून मारलं तर सावली उंचीच्या निम्मी, साडेसात मीटर. म्हणून शहरात उखळी तोफा आणि उंच कोनाचा मारा. त्याचा तोटा असा की गोळा जास्त वेळ हवेत राहतो, वारा त्यालाही ढकलतो, आणि नेम पांगतो. फ्यूजही, म्हणजे गोळा कधी फुटेल ते ठरवणारा भाग, पाहून लावावं लागतं. छत फोडून आत फुटायला थोडं विलंबाचं फ्यूज लागतं. हवेत फुटणारं लावलं तर ते अलीकडच्या उंच छपरावरच फुटायची भीती.

दुसरं, तोफेचे गोळे नळीच्या रेषेत मागं-पुढं जास्त पांगतात, डावी-उजवीकडं कमी. म्हणून आपल्या मोर्चाच्या थेट पाठीमागून मारण्यापेक्षा मोर्चाला समांतर, बाजूनं मारलेलं चांगलं. आखूड पडला तरी आपल्या माणसांवर पडत नाही. वेढ्यात हा फायदा आपसूक मिळतो, कारण रिंगणाच्या एका कडेची तोफ दुसऱ्या कडेला बाजूनं मारू शकते. बाहेरून आधार देणाऱ्या तोफांनाही तो मिळतो, पण रिंगणाच्या बाजूच्या कडांवरच.

बाहेरून आधार देता येतो का, हा तुमचा मूळ प्रश्न. येतो, आणि नेदरलँड्समधल्या आर्नेमला तो आला. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश पॅराट्रूपर ओस्टरबेकच्या घरांत कोंडले गेले. त्यांच्यासाठी टाकलेला बराच माल जर्मनांनी आधीच घेतलेल्या जागेवर पडत होता, कारण रेडिओ नीट चालत नव्हते आणि ‘जागा बदला’ हा निरोप पोचलाच नाही. पण २१ तारखेला दक्षिणेकडून नायमेगनला आलेल्या ६४ व्या मीडियम रेजिमेंटशी रेडिओ जुळला. १४ किलोमीटरच्या आसपासचं अंतर. संभाजीनगरातून दौलताबादच्या तटाबाहेर गोळा टाकण्यासारखं समजा. आतला निरीक्षक अधिकारी पडलेला गोळा पाहून ‘दोनशे पुढं, पन्नास डावीकडं’ असं सांगणार आणि बाहेरची तोफ ऐकणार. ते रिंगण आणखी चार दिवस टिकलं त्यात या तोफांचा वाटा फार मोठा आहे.

तेव्हा बाहेरच्या आधाराला तीन गोष्टी पुरतात: पल्ला, एक चालू रेडिओ आणि आत बसलेला एक जाणता निरीक्षक. वॉर्सात प्रागा हा पूर्वेचा भाग सप्टेंबरच्या मध्याला सोव्हिएत सैन्यानं घेतला. मध्ये फक्त व्हिस्टुला नदी, म्हणजे पल्ल्याचा प्रश्नच नव्हता. पण उठाववाल्यांचे निरोप बरेच दिवस लंडनमार्गे फिरून जायचे. लंडनहून फिरून आलेल्या निरोपावर तोफेचा नेम बसत नाही. गल्लीतला रणगाडा तोवर दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो.

शिबंदी

आपल्याकडची दोन उदाहरणं सुटू नयेत म्हणून लिहितो.

कोहिमा, एप्रिल १९४४. टेकडीवरच्या चिंचोळ्या पट्टीवर अडीच हजारांच्या आसपास शिबंदी, त्यातले हजारभर न लढणारे. पाण्याची जागा जपान्यांनी घेतली. पट्टी इतकी अरुंद की डाकोटातून टाकलेले पाण्याचे आणि दारूगोळ्याचे काही गठ्ठे सरळ जपान्यांच्या खंदकात. आत मोठी तोफ उभी करायला जागाच नाही. वाचवलं कोणी? तीन किलोमीटरवर जोत्सोमाला असलेल्या आपल्या डोंगरी तोफांनी. ३.७ इंची हॉवित्झर, सुटी करून आठ खेचरांवर लादता येणारी. निरीक्षक कोहिमाच्या आत, तोफा बाहेर. अगदी आपल्या खंदकापुढं काही वावांवर गोळे पाडले. तोफमाळ म्हणतात ते पल्ला-रेडिओ-निरीक्षक याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

दुसरं पूंछ. मुलांना हे सांगाच, कारण आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला तेव्हा पूंछ अजून वेढ्यातच होतं. नोव्हेंबर १९४७ ते नोव्हेंबर १९४८, पुरतं एक वर्ष. ब्रिगेडियर प्रीतम सिंग आत, आणि त्यांच्याबरोबर चाळीस हजारांच्या घरात निर्वासित. नुसत्या पॅराशूटवर इतक्यांचं पोट भरणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवसांत ओळखलं. निर्वासितांनी हातानं जमीन सपाट करून धावपट्टी केली. डिसेंबरात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथं पहिलं डाकोटा उतरवलं. उतरलेलं विमान माल अख्खा देतं आणि परत जाताना जखमी, बायका, मुलं घेऊन जातं. पॅराशूट हे दोन्ही करू शकत नाही.

पण धावपट्टी झाली की शत्रूची तोफ तिच्यावरच रोखली जाते. मग विमानातून तोफाच आणल्या. आधी डोंगरी तोफा, मार्च १९४८ मध्ये पंचवीस पाउंडी. ही एक तोफ पावणेदोन टनांच्या वर, गोळा ११ किलोचा, पल्ला १२ किलोमीटरच्या पुढं. तिच्यामुळं शत्रूच्या तोफा मागं हटल्या आणि धावपट्टी चालू राहिली. दिएन बिएन फूची धावपट्टी पंधरा दिवसांत गेली आणि पूंछची वर्षभर टिकली, यातला फरक सांगायला याहून चांगलं काय आहे?

स्टालिनग्राडचं एका ओळीत: सहाव्या आर्मीला दिवसाला किमान ३०० टन लागत होते, जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानं ५०० चं वचन दिलं, आणि पोचले सरासरी शंभर-सव्वाशे. जंकर्स ५२ मध्ये दोन टन मावतात, म्हणजे ५०० टनांसाठी रोज अडीचशे फेऱ्या, त्याही रशियन हिवाळ्यात. पितोम्निकचा विमानतळ १६ जानेवारी १९४३ ला गेला, आठवड्याभरात गुमराक. पुढं पॅराशूट. २ फेब्रुवारीला सगळं संपलं.

बारदान

सगळ्यांनी विमान आणि तोफ घेतली, पोत्याकडं कोणी पाहिलं नाही. माल पडतो तो पोत्यात, आणि फसतो तोही बऱ्याचदा पोत्यात.

पॅराशूट महाग आणि परत मिळत नाही. म्हणून धान्य बिनपॅराशूटचं, साठ-सत्तर मीटरवरून टाकतात. पण आडतीत भरतो तसं पोतं गच्च भरून, दाभणानं शिवून टाकलं तर जमिनीला लागताच फुटतं आणि ज्वारी मातीत. ब्रह्मदेशच्या आघाडीवर उपाय निघाला दुहेरी पोत्याचा. आतलं पोतं सैल भरायचं, तोंडाशी बरीच जागा सोडायची. ते त्याहून मोठ्या पोत्यात घालायचं आणि बाहेरचं तोंडही ढिलं शिवायचं. आदळल्यावर आतलं फुटतं, धान्य पसरायला जागा मिळते आणि बाहेरचं धरून ठेवतं. तांदूळ, डाळ, आटा असा टाकला. पातळ पदार्थाला हे चालत नाही. डबा काठोकाठ भरला तर पाण्याला दबायला जागा नसते आणि पत्रा फाटतो. तोंडाशी जागा सोडून, गवत किंवा चिंध्यांत गुंडाळून, पॅराशूटनंच सोडावा लागतो. दारूगोळा, औषधं, रेडिओ हे कधीही मोकळं टाकायचं नाही. वॉर्सात सोव्हिएतांच्या लहान पो-२ विमानांनी बंदुका आणि काडतुसं पोत्यात घालून बिनपॅराशूटची टाकली. नेम सुंदर, कारण विमान छपरांवरून जायचं, पण आदळून बंदुकांच्या नळ्या वाकल्या, काडतुसं चेपली.

ब्रह्मदेशात पॅराशूटचं कापड कमी पडलं तेव्हा तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी कलकत्त्याच्या तागाचं पॅराशूट करून घेतलं. आपलं गोणपाटच म्हणा. नेहमीच्या पॅराशूटला वीस पौंड पडायचे, याला एक पौंड. काम जवळजवळ तेवढंच. माणसासाठी नाही, मालासाठी. १९४४ चं इम्फाळ वाचलं त्याच्यामागं विमानतळ होते, डाकोटा होते, आणि हा ताग होता. इम्फाळचं रिंगण मोठं, आत धावपट्ट्या चालू, म्हणून १८ एप्रिल ते ३० जून दरम्यान अठरा-एकोणीस हजार टन माल आत गेला. कोहिमाची टेकडी आणि इम्फाळचं खोरं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आणि सुरुवात कूतपासून करा, कारण तिथं आपली माणसं होती. मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कूत-अल-अमारा, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी. लढाईतल्या वेढ्याला विमानातून अन्न टाकायचा तो पहिला मोठा प्रयत्न. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात लहान लहान विमानांनी मिळून जे टाकलं ते सगळं आठ टनांच्या आसपास. १३,००० माणसं, माणशी अर्धा किलो धरलं तर दिवसाला साडेसहा टन. दोन आठवड्यांची धडपड म्हणजे सव्वा दिवसाचं अर्धपोटी जेवण. काही पोती टायग्रिस नदीत, काही तुर्कांकडं. आणि टाकलेल्या मालात एक वस्तू अशी की आपल्या मुलांना लगेच कळेल: जात्याचे दगड. आत जव होते, पण दळायला काही नव्हतं.

गोदाकाठ (नांदेड)

जात्याचा दगड विमानातून! यानंच सुरुवात करते. बारदान दादा, दुहेरी पोत्याचं मुलांना करून दाखवता येईल का? वाचनालयाला दोन मजले आणि गच्ची आहे. आणि देवगिरीच्या मिठाचा धागा कुठं जोडू?

बारदान

जरूर करा. मांजरपाटाच्या तीन पिशव्या शिवून घ्या: दोन सारख्या, प्रत्येकी दोन किलो ज्वारी काठोकाठ मावेल अशा, आणि तिसरी त्याच्या दुप्पट मोठी. टाके मुद्दाम विरळ घाला, बोटभर अंतरानं, नाहीतर दोन मजल्यांवरून पिशवी फुटतच नाही. पहिलीत दोन किलो ज्वारी दाबून भरून तोंड शिवा. दुसरीत सव्वा किलोच घाला, तोंड ढिलं बांधा आणि ती मोठ्या पिशवीत सरकवा. मोठीचं तोंड वर मोकळी जागा ठेवून बांधा. खाली ताडपत्री अंथरा म्हणजे ज्वारी वाया जाणार नाही. खालचं आवार दोरी बांधून मोकळं ठेवा आणि दोरीच्या आत एकही मूल येऊ देऊ नका. मोकळ्या टाकलेल्या पोत्यांनी युद्धात खालची माणसंही मेली आहेत, हे त्यांना त्याच वेळी सांगा. दोन्ही पिशव्या फेकू नका, कठड्यावरून नुसत्या सोडा.

देवगिरीचा धागा गठ्ठ्याच्या ओळखीत आहे. अंधारात, माऱ्याखाली गठ्ठा फोडून बघायला वेळ नसतो. म्हणून रंगीत पॅराशूट वापरायचे, दारूगोळ्याला एक रंग, अन्नाला एक, औषधाला एक, आणि तोच रंग आतल्या शिबंदीला आधी कळवलेला असायचा. आतल्यांना रंगांची यादी पोचली नसेल तर लांबचा धोक्याचा गठ्ठा आणायला माणूस जातो आणि त्यात निघतात बिस्किटं, आणि गोळ्यांचा गठ्ठा जवळ असून पडून राहतो.

परांडा_बुरूज

वाऱ्याचंही करून दाखवा, त्याच गच्चीवरून. प्लास्टिकच्या पातळ पिशवीचा हातभर चौकोन, चार कोपऱ्यांना हातभर दोरा, खाली ५० ग्रॅम वाळूची पुडी. चौकोनाच्या मध्यावर करंगळीएवढं भोक पाडा, नाहीतर हवा कडेनं निसटते आणि ते झोके घेत भलतीकडं जातं. अंगणात चुन्यानं दोन मीटरचं वर्तुळ काढा. पहिल्या मजल्यावरून पाच टाका, गच्चीवरून पाच टाका, किती आत पडली ते फळ्यावर लिहा. दर वेळी आधी चिमूटभर भुसा सोडून वारा कुणीकडं आहे ते एका मुलाला बघायला सांगा, आणि किती सरकून टाकायचं ते त्यालाच ठरवू द्या. सप्टेंबरात दुपारनंतर वारा फिरतो, तेव्हा हे सकाळी नऊच्या आत उरका.